भाऊ तोफखान्यात, मग राहतो पायदळाच्या चौकीवर कसा?

रानजाई:
माझा धाकटा भाऊ तोफखान्यात रेडिओ ऑपरेटर आहे. ट्रेनिंग नाशिक रोडला झालं. तेव्हा म्हणायचा, "तोफा खूप मागे असतात, आईला सांग काळजी करू नको." गेल्या महिन्यात फोन आला की आता काही महिने तो पायदळाच्या पलटणीबरोबर वर चौकीवर असेल. त्यांच्या रेजिमेंटचे तिथे चौघेच. तेव्हापासून आईचा एकच घोष आहे, तोफ मागे आणि पोर पुढे, मग तो तिथे करतो तरी काय? तो फोनवर नीट सांगत नाही. तोफखान्यातलं कुणी इथे असेल तर समजावून सांगाल का?

तोपची सातारा:
ताई, रेजिमेंटचा नंबर आणि चौकीचं नाव लिहिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. पुढेही लिहू नका. भाऊ फोनवर बोलत नाही तेही बरोबरच आहे.

मी टी.ए. होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. नोकरीची बरीच वर्षं ओ.पी. पार्टीत गेली, म्हणजे पुढे बसून निशाण बघणाऱ्या (ऑब्झर्वेशन पोस्ट) टोळीत. १९९९ ला कारगिल युद्धात द्रासमध्येही होतो. तुमचा भाऊ आज जिथे आहे, तिथेच मी होतो असं समजा.

१०५ मिलिमीटरची आपली फील्ड गन सतरा किलोमीटरपर्यंत मारते. मध्ये डोंगर असतो. तोफेवरच्या जवानाला शत्रू कधी दिसतच नाही. कुणीतरी पुढे बसून, डोळ्यांनी बघून सांगावं लागतं. त्यासाठी एक अधिकारी, टी.ए., रेडिओवाला आणि एखादा मदतनीस पायदळाच्या कंपनीबरोबर जातात. फील्ड रेजिमेंटमध्ये तीन बॅटऱ्या, म्हणजे तोफांचे गट, दर बॅटरीत सहा तोफा. ब्रिगेडमध्ये साधारण तीन पलटणी, म्हणजे प्रत्येक पलटणीच्या वाट्याला एक बॅटरी. आमचा बॅटरी कमांडर पलटणीच्या सी.ओ. साहेबांजवळ, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांजवळ, आणि आम्ही त्याच्याही पुढे, पलटणीतल्या एका कंपनीत. जेवण त्यांच्याच लंगरमध्ये, झोपणं त्यांच्याच बंकरमध्ये.

आता काम. नकाशा, कंपास, दुर्बीण. आम्ही अंशांत मोजत नाही, मिलमध्ये मोजतो. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे जवळजवळ एक मीटर, त्यामुळे दुर्बिणीतून बघता बघता हिशेब होतो. पहिला गोळा पडला की साहेब सांगतात, "लेफ्ट १००, ॲड ४००," म्हणजे शंभर मीटर डावीकडे, चारशे पुढे. पुढचा पलीकडे पडला की "ड्रॉप २००," म्हणजे दोनशे अलीकडे. असं निशाणाला दोन्हीकडून आवळत आणायचं, ४००, २००, १००, ५०. मग "फायर फॉर इफेक्ट", आणि सगळ्या तोफा एकदम.

हे देवळालीच्या रेंजवर सोपं वाटतं. द्रासला पहिल्याच दिवशी आमचा गोळा कुठे गेला तेच कळेना. रेडिओवर "शॉट" ऐकलं, म्हणजे गोळा सुटला. मग "स्प्लॅश", म्हणजे आता पडणार. बघत राहिलो, कड्यावर काहीच नाही. नुसता आवाज आला, कड्याच्या मागून. धार इतकी निमुळती की जरा पुढे पडलेला गोळा पलीकडच्या नाल्यात जातो आणि धूरही दिसत नाही. त्यात त्या उंचीवर हवा विरळ, गोळा नेहमीच्या हिशेबापेक्षा लांब जातो. अशा वेळी मुद्दाम अलीकडे पाडून, धूर बघून, मग वर चढवत न्यावं लागतं. पण अलीकडे कोण होतं? आपलीच कंपनी, खडकांना चिकटून वर सरकणारी.

आमचे साहेब दर दुरुस्तीआधी कंपनी कमांडरना एकच विचारायचे, "सर, आपला सगळ्यात पुढचा माणूस कुठे आहे?" उत्तर आलं की मी नकाशावर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचो, आधीची पुसून. त्या खुणेशिवाय साहेबांनी एकदाही आकडा मागे पाठवला नाही. पायदळाबरोबर राहायचं ते मुख्यतः याच्यासाठी. शत्रू दुर्बिणीतून लांबूनही दिसेल, आपला माणूस कुठवर पोचला हे त्याच्या शेजारी असल्याशिवाय कळत नाही.

द्रासची ती शिखरं, तोलोलिंग १३ जूनला घेतलं, पॉइंट ५१४० वीस तारखेला. २०२२ साली तोफखान्याच्या सन्मानार्थ त्या ५१४० ला गन हिल नाव दिलं. बातमी वाचली तेव्हा मी शेतात होतो, तिथेच बांधावर बसलो.

माजी गणपत:
मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, म्हणजे दुसऱ्या बाजूने सांगतो. चौकीवर ओ.पी. पार्टी आली की आमचे जवान निर्धास्त व्हायचे. चौकीभोवतीच्या शत्रू येऊ शकेल अशा जागा ते आधीच हेरून, मोजून ठेवतात. रात्री काही हललं तर त्या जागेचं नुसतं ठरलेलं नाव सांगायचं, तोफा तयार असतात.

एक गोष्ट आईंना सांगा. मी नवीन असताना त्यांच्या सेटवर ऐकू आलं नाही म्हणून "रिपीट" म्हणायला गेलो, तर त्यांच्या ऑपरेटरने माझा हातच धरला. तोफखान्यात रिपीट म्हणजे तोच मारा पुन्हा करा. ऐकू आलं नाही तर "से अगेन" म्हणायचं. तो पोरगा जेमतेम वीस वर्षांचा असेल.

रानजाई:
दोघांचे मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, "पुढचा माणूस कुठे" हे तिने दोनदा वाचायला लावलं. आता विचारते, रेडिओवाल्याचं काम नक्की काय? आणि त्याला पाठवावं काय?

तोपची सातारा:
आईंना नमस्कार सांगा. साहेब बोलतात तो प्रत्येक आकडा तोफेपर्यंत जसाच्या तसा पोचवणं आणि तिकडून परत म्हणून घेतलेला आकडा नीट ऐकणं, हे त्याचं काम. लेफ्टचं राईट झालं तर काय होईल हे तुम्हाला आता कळलंच आहे. चढताना रेडिओ सेट त्याच्या पाठीवर, सेटच्या जादा बॅटऱ्याही त्याच्याकडेच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून आमचा ऑपरेटर झोपताना त्या जॅकेटच्या आत, पोटाशी घेऊन झोपायचा.

पाठवायचंच असेल तर लोकरीचे पातळ हातमोजे पाठवा, मोठ्या मोज्यांच्या आत घालता येतील असे. जाड मोज्यांनी सेटची बटणं कळत नाहीत आणि उघड्या हाताने धातूला हात लावला की कातडं चिकटतं. दोन जोड पाठवा, एक तो दुसऱ्या कुणाला तरी देणारच.