तीन वर्षांखालच्या बाळांवर पैसा घालायचा तर नेमका कशावर?

ऊनसावली:
जमैकात किंग्स्टनमधे १९८६-८७ ला वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली होती, वय ९ ते २४ महिने. काहींना दुधाची पावडर, काहींच्या घरी आठवड्याला तासभर आरोग्यसेविका, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. ती बाई घरगुती खेळणी घेऊन आईशेजारी बसायची आणि बाळाशी कसं बोलायचं, खेळायचं ते करून दाखवायची, बस्स. दोनच वर्षं. वीसेक वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या घरी ती जायची त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त! नुसत्या पावडरीने कमाईत फरक पडला नाही. आपल्याकडे या वयाला अंगणवाडीतून मुख्यतः घरी न्यायचं पाकीट मिळतं. पाकीट हवंच, पण पैसा आधी त्या घरी जाणाऱ्या बाईवर घाला, इमारती नंतर.

पाटीपेन्सिल:
१२९ मुलांवरून सगळ्या जगाचं ठरवायचं? नाही पटत. माझी आई अंगणवाडी सेविका होती. वजनं, रजिस्टरं, खिचडी, पोलिओचे डोस, वर इलेक्शनची ड्युटी, आणि यातून वेळ उरला तर घरभेट, म्हणजे उंबऱ्यातच उभं राहून वहीवर सही घ्यायची की पुढचं घर. रात्री जेवण झाल्यावर रजिस्टर पुरं करत बसायची, मी आकडे वाचून दाखवायचे. आणि हातात काय, तर मानधन. अजून एक काम तिच्याच डोक्यावर टाकणार?

कोकणकडा:
आणि आई रोजंदारीवर गेलेली असेल तर ती बाई खेळ शिकवणार कुणाला? आधी पाळणाघरं काढा. कॅनडात क्विबेकने १९९७ ला दिवसाला ५ डॉलरमधे पाळणाघर सुरू केलं, केवढ्या आया कामाला लागल्या.

ऊनसावली:
हो, पण त्याच क्विबेकच्या मुलांमधे चिडचिड, मारामारी वाढली असंही नंतरच्या अभ्यासात निघालं ना. नुसती जागा करून भागत नाही, बाळाला जवळ घेणारं माणूस लागतंच, घरी असो की पाळणाघरात.
@पाटीपेन्सिल, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तिच्यावर अजून काम टाका असं नाहीच म्हणायचं मला, घरभेटीला वेगळी बाई नेमा, मोजकी घरं द्या आणि मानधन नको, पगार द्या.

पाटीपेन्सिल:
पगार म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने. पण तो आधी आहेत त्या सेविकांना, मग नवीन भरती.