मदत हवी आहे: घरचं व्हिनिग्रेट डब्यात फुटतं, मस्टर्डची बाटली न आणता कसं जमवू?

नमस्कार मंडळी,

आईला मधुमेह आहे, त्यामुळे बाजारचं सॅलड ड्रेसिंग आणणं बंद केलंय. बाटलीमागची यादी वाचली तर साखर अगदी वरच्या नावांत होती. आता घरीच साधं फ्रेंच पद्धतीचं व्हिनिग्रेट करते: तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर, मीठ, मिरपूड. झाकणाच्या बाटलीत घालून खळखळून हलवलं की मस्त दाटसर, दुधाळ होतं. पण जेवायला बसेपर्यंत तेल वर आणि व्हिनेगर खाली! मी सकाळीच पानांवर घालून डबा नेते. दुपारी उघडला की लेट्यूस मलूल आणि तळाशी आंबट पाणी.

सगळीकडे डिजॉं मस्टर्ड (मोहरीची तयार फ्रेंच पेस्ट) घालायचा सल्ला मिळतो. मिळतं ते इथे, पण एवढ्याशा चमचाभर कामासाठी महागडी बाटली आणायची जिवावर येते. आपल्या स्वयंपाकघरातलं काही चालेल का?

दुसरं, घरात पांढरं सिंथेटिक व्हिनेगर आहे. चायनीजला ठीक, पण कच्चं खाल्लं की घशाला लागतं. त्याऐवजी लिंबू घेतलं तर प्रमाण तेच ठेवायचं का? आणि तेल ऑलिव्हचंच हवं का? आमच्याकडे घाण्याचं शेंगदाण्याचं तेल असतं.

शेवटचं म्हणजे, आठवड्याचं एकदम करून ठेवता येईल का? आईला त्यात कच्चा लसूण आवडतो.

---

प्रतिसाद:

ताई, मोहरी फेसा की! लोणच्याला फेसतो तशीच. फक्त लोणच्याला आपण मोहरीची डाळ घेतो, इथे सालासकट मोहरी घ्या. तेल आणि व्हिनेगर यांना धरून ठेवणारा चिकटपणा मुख्यतः सालात असतो.

अर्धी वाटी ड्रेसिंगला एक छोटा चमचा मोहरी पुरे. कोरडीच बारीक कुटा, मग चमचाभर गार पाणी घालून घोटा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी लागल्यावरच तिचा झणका तयार होतो. लगेच चाखलीत तर कडू लागेल, थोड्या वेळाने कडूपणा उतरतो आणि ती नाकात चढते. व्हिनेगर त्यानंतरच घाला. सुरुवातीलाच आंबट पडलं तर मोहरी चढत नाही.

आता क्रम. व्हिनेगर, मीठ आणि फेसलेली मोहरी आधी एकत्र करा, कारण मीठ तेलात विरघळत नाही. तेलानंतर घातलंत तर ते तळाशी खरखरत राहतं. मग तेल अगदी बारीक धारेने सोडत काट्याने किंवा छोट्या रवीने घुसळत राहा. पहिले दोन-तीन चमचे तेल घालताना घाई नको, तिथेच सगळं ठरतं. एकदा दाट झालं की बाकीचं तेल भराभर घातलं तरी चालतं. ऑलिव्हचं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल असेल तर मिक्सर नको, पात्याखाली ते कधीकधी कडवट होतं.

असं केलेलं बरंच टिकतं, पण कधीतरी फुटणारच. त्यात बिघडलं काही नाही, हलवलं की परत जुळतं. म्हणून डब्यात पानांवर घालू नका, छोट्या बाटलीत वेगळं न्या. पानं मलूल होतात ती व्हिनेगरपेक्षा तेलामुळे जास्त. पानांवर मेणासारखा पातळ थर असतो, त्यातून तेल आत शिरतं. पानं धुतल्यावर पंचाने खरंच कोरडी करा. ओल्या पानाला ड्रेसिंग धरतच नाही, तुमच्या तळाच्या पाण्यात हेही पाणी असणार.

---

प्रतिसाद:

व्हिनेगरबद्दल सांगते. सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. आंबटपणा आहे, पण फळाचा, आंबवल्याचा काही वास-स्वाद नाही, म्हणून ते नुसतं टोचतं. लेबलवर ‘ब्रूड’ (म्हणजे आंबवून केलेलं) लिहिलेलं शोधा. गोव्याकडचं कुणी येणार असेल तर माडाच्या सुरेचं व्हिनेगर मागवा, विंदालू-सोरपोतेलमध्ये घालतात ते. कच्चं खायला फार सौम्य आणि छान लागतं. लिंबू घेतलंत तर तीनास एकच धरा आणि मग चाखून बघा, लिंबालिंबात फरक असतो. चाखताना चमच्याने नको, लेट्यूसचं पान बुडवून खा. नुसतं चाखलं तर नेहमीच जास्त आंबट वाटतं.

शेंगदाण्याचं घाण्याचं तेल चालेल, फक्त वास पुढे येतो. काकडी, गाजर, कोबीबरोबर मला तोच आवडतो. नाजूक पानांना निम्मं साधं तेल मिसळा.

---

प्रतिसाद:

कृपया लसणाचं हलक्यात घेऊ नका. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर हवा न लागल्यामुळे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव कळेलच असं नाही. बिनलसणाचं ड्रेसिंग आठवड्याचं करून फ्रिजमध्ये ठेवा आणि लसूण त्या त्या दिवशी वाढताना ठेचून घाला. नुसता वास हवा असेल तर पाकळी अर्धी चिरून सॅलडच्या भांड्याला आतून चोळा. फ्रेंच घरांतही असं करतात, आणि कच्च्या लसणाचा उग्रपणा येत नाही.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री लगेच मोहरी फेसली. लिंबू आणि शेंगदाण्याचं तेल घेतलं, आणि जेवणं उरकेपर्यंत तेल वेगळं झालं नाही! मोहरीच्या सालाचे काळे ठिपके दिसतात, पण आईला झणका इतका आवडला की तिने उरलेलं ज्वारीच्या भाकरीला लावून खाल्लं. भांड्याला लसूण चोळायची युक्ती उद्या करते.

एकच राहिलं. फ्रिजमध्ये तेल थिजून वर घट्ट थर आलाय. अर्धा तास बाहेर ठेवलं की पूर्ववत होतं, पण सकाळच्या घाईत तेवढा वेळ नसतो. थंडीत न थिजणारं आणि चवीलाही बरं असं तेल कुणी वापरतं का? घाण्याचं तिळाचं तेल चालेल?