प्लॅनेटेरियम म्हणजे दर वेळी तारांगणच का?

भाषांतरी: नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावच्या आइसे आइसिंगावरचा लेख मराठीत आणते आहे. लोकर विंचरण्याचा धंदा करणाऱ्या या माणसाने १७७४ ते १७८१ या काळात राहत्या खोलीच्या छतात सूर्यमाला बसवली. लंबकाचं घड्याळ, लाकडी चक्रं आणि दात्यांच्या जागी ठोकलेले हजारो लोखंडी खिळे. बुध ८८ दिवसांत फेरी मारतो, शनी साडेएकोणतीस वर्षांत, आणि हे अजून चालू आहे! मुळात शब्द आहे ‘प्लॅनेटेरियम’. मी ‘तारांगण’ लिहिलं, पण या यंत्राचा जीव ग्रहांत आहे, ताऱ्यांत नाही. दुसरं काही सुचतं का?

धूमकेतू: खटकलं ते बरोबरच. तेव्हा प्लॅनेटेरियम म्हणजे ग्रहांचं यंत्र. इंग्लंडात त्यालाच ऑररी म्हणू लागले, एका अर्लच्या, म्हणजे उमरावाच्या नावावरून. घुमटावर तारे उमटवणारा प्रक्षेपक आला १९२३ साली. येनाच्या झाइस कारखान्यातल्या वाल्टर बाउअर्सफेल्डने तो म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमसाठी केला. आधी विचार होता मोठा पोकळ गोल फिरवायचा. त्याने ते उलटं केलं: घुमट जागच्या जागी, फिरतो तो प्रकाश. सुमारे ४५०० तारे दिसायचे. त्यानंतर हे नाव यंत्रावरून इमारतीला चिकटलं.

गोदातीर: मग सरळ ‘ग्रहयंत्र’ म्हणा. भास्कराचार्यांनी यंत्राध्यायात गोलयंत्र सांगितलंय, आपल्याकडे शब्दांची वाण नाही. ‘तारांगण’ तर ‘तारागण’चं बिघडलेलं रूप वाटतं.

धूमकेतू: बिघडलेलं कसं? तारा अधिक अंगण, सरळ संधी आहे. आणि गोलयंत्र कड्यांचं असतं, त्यात ग्रह आपसूक चालत नाहीत. ‘ग्रहयंत्र’ ऐकून निम्मे वाचक शनीच्या साडेसातीचं तांब्याचं यंत्र समजतील.

टिळकरोडकर: शब्द लोक घडवतात. पुण्यात आमच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झालं, आशियातलं पहिलं. दिवे मालवले की आधी पोरांचा गलका, मग पहिला तारा दिसताच सगळे चिडीचूप. तिथे ग्रहही दाखवत, म्हणून कुणी नाव बदललं नाही.

धूमकेतू: भारतातलं पहिलं म्हणा. ओसाकात १९३७ पासून होतं.

टिळकरोडकर: शाळेत आम्हाला आशियाच सांगत. असो, भारतातलं पहिलं हेही थोडं नाही.

कृत्तिका: या यंत्रामागचं कारण लेखात आहे ना? ८ मे १७७४ ला चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू जवळ दिसणार होते. एल्को आल्टा नावाच्या पाद्र्याने पुस्तिका काढून भाकीत केलं की ते एकमेकांवर आदळतील, पृथ्वी कक्षेतून ढकलली जाईल. लोक घाबरले. ग्रह खरे कसे फिरतात ते गावाला दाखवावं म्हणून आइसिंगा कामाला लागला. आमची आजी १९६२ च्या अष्टग्रहीचं, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले त्याचं सांगायची. तेव्हाही जगबुडीची भीती होती, गावोगाव यज्ञ झाले. त्या वर्षी असं छत चार गावांत तरी हवं होतं.

भाषांतरी: हो, तो भाग आहे, आणि एक मिलिमीटरला दहा लाख किलोमीटर हे प्रमाणही. शनी सूर्यापासून जेमतेम दीड मीटरवर येतो. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला युरेनस १७८१ मध्येच सापडला, पण तो मावायला खोली दुप्पट लागली असती.

सांगोलेकर: तुमचं ‘लोकर विंचरणारा’ मात्र कानाला बरं लागत नाही. ‘पिंजारी’ लिहा. आमच्याकडे सनगर घोंगड्यासाठी लोकर पिंजतातच.

गोदातीर: पिंजारी कापसाचा.

सांगोलेकर: धनुकली लोकरीवरही चालते, मी पाहिलीय.

भाषांतरी: पिंजल्यावर तंतू एकमेकांत गुंततात. हा माणूस तापवलेल्या फणीने लांब तंतू सरळ एका रेषेत आणायचा. काम वेगळं, म्हणून ‘विंचरणे’.

सांगोलेकर: मग त्या फणीला काय म्हणणार? नुसती फणी म्हटली तर मागावरची समजतील.