ज्येष्ठांच्या घरी स्वयंसेवक पाठवताना प्रशासनाने स्वतःकडे काय ठेवावे?

प्रश्न

आमच्या स्थानिक प्रशासनाने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी स्वयंसेवकांची गृहभेट योजना सुरू करण्याचे ठरवले असून तिचा मसुदा तपासण्यासाठी नेमलेल्या समितीवर नागरिकांच्या वतीने मला घेतले आहे. हेतू चांगला आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, परंतु स्वयंसेवकांच्या कामांची यादी वाचताना मी थबकलो. आठवड्यातून एकदा भेटून गप्पा मारणे, वाचून दाखवणे आणि दवाखान्यात सोबत जाणे ही कामे त्यात आहेतच. पण औषधे वेळेवर देणे, अंघोळीला मदत करणे, बँकेतून पैसे काढून आणणे आणि निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची व्यवस्था पाहणे, हेही त्याच ओळीत, त्याच दमात लिहिलेले आहे. योजनेसाठी पगारी कर्मचारी किती असतील, याबद्दल मसुदा मौन बाळगतो.

मला दोन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. पहिली अशी की, स्वयंसेवकाने करावयाचे काम आणि प्रशासनाने स्वतःच्या माणसांकडून करवून घ्यावयाचे काम यांच्यातील सीमारेषा कशाच्या आधारे आखावी? दुसरी अशी की, या मसुद्यात ज्येष्ठ नागरिक केवळ मदत घेणारे म्हणून येतात. त्यांनी स्वतः स्वयंसेवक होण्याची सोय अशा योजनांत असते का, आणि असल्यास ती कशी चालते?

प्रतिसाद १ (समाजकल्याण खात्यातून निवृत्त)

सीमारेषेसाठी मी नोकरीत असताना एकच कसोटी वापरत आलो. जे काम एखाद्या दिवशी झाले नाही तर त्या व्यक्तीच्या जिवाला, शरीराला किंवा पैशाला थेट धक्का बसतो, ते काम पगारी आणि प्रशिक्षित माणसाचे; आणि जे काम झाले नाही तर तिला वाईट वाटेल, पण नुकसान होणार नाही, ते स्वयंसेवकाचे. स्वयंसेवक आजारी पडतो, परगावी जातो, त्याच्या मुलांच्या परीक्षा असतात, आणि त्याने यायचे थांबवले तर त्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही. गप्पांचा एक आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून निघतो, इन्सुलिनचे तसे नाही. या कसोटीवर आपल्या मसुद्यातील औषधे देणे, अंघोळ घालणे आणि पैसे काढणे ही तिन्ही कामे बाहेर पडतात. दवाखान्यात सोबत जाणे मात्र राहते, कारण नेण्या-आणण्यासाठी वाहनाची व्यवस्था प्रशासनाने केलेली असेल तर स्वयंसेवकाचे काम शेजारी बसण्याचे आणि डॉक्टरांनी सांगितलेले लिहून घेण्याचे एवढेच असते.

ही विभागणी मोठ्या प्रमाणावर कशी चालते हे पाहायचे असेल तर जपानचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथे १९४८च्या कायद्याने चालणारी ‘मिन्सेइ-इइन’ नावाची व्यवस्था आहे. वस्तीतील एखाद्या विश्वासू नागरिकाची तीन वर्षांसाठी रीतसर नेमणूक होते, त्याला पगार मिळत नाही, फक्त खर्चापुरती रक्कम मिळते, आणि कामात कळलेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन त्याच्यावर कायद्यानेच असते. देशभर असे दोन लाखांहून अधिक लोक आहेत. परंतु त्यांनी कोणाला अंघोळ घालावी अशी कोणाचीही अपेक्षा नसते. घरी जाणे, विचारपूस करणे आणि अडचण दिसली की योग्य कार्यालयाशी गाठ घालून देणे हे त्यांचे काम. प्रत्यक्ष शुश्रूषा २००० साली सुरू झालेल्या दीर्घकालीन देखभाल विम्यातून होते आणि तो विमा चालवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आहे. पगारी सेवा पाठीशी उभी आहे म्हणून बिनपगारी माणसाच्या शब्दाला तेथे वजन आहे. ती नसेल तर स्वयंसेवक घरी जाऊन अडचण ऐकतो, वहीत लिहितो आणि ती वही घेऊन कोणाच्या दारी जावे हे त्याला कळत नाही.

म्हणून समितीत सर्वप्रथम एक प्रश्न विचारा: पूर्णवेळ पगारी समन्वयक कोण? स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणे, कोणाला कोणाकडे पाठवायचे हे ठरवणे, पहिल्या भेटीला सोबत जाणे, नंतर दर महिन्याला दोन्ही बाजूंशी वेगवेगळे बोलणे आणि न जमलेली जोडी कोणाचाही अपमान न करता मोडणे, ही सगळी एका माणसाची पूर्ण वेळाची नोकरी आहे. अंदाजपत्रकात समन्वयकाचे पद नसेल तर बाकीचा मसुदा वाचण्यात वेळ घालवू नका, असे मी अगदी स्पष्ट शब्दांत म्हणेन.

प्रतिसाद २ (गृहभेटी करणारी परिचारिका)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु औषधांच्या बाबतीत एक भर घालते. औषध देणे हे स्वयंसेवकाचे काम नाही हे खरे. औषधांकडे डोळसपणे पाहणे मात्र त्याला शिकवता येते आणि शिकवावेच. बहुतेक घरांत औषधांचा एक जुना डबा असतो. त्यात कात्रीने कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे असतात आणि कापताना औषधाचे नाव एका तुकड्यावर व मुदतीची तारीख दुसऱ्यावर गेलेली असते, त्यामुळे शिल्लक तुकड्यावर नुसता चंदेरी कागद उरतो. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी लिहिलेले एकच औषध दोन वेळा घेतले जात आहे, हेही याच डब्यात दिसते. स्वयंसेवकाने यातील एकही गोळी हलवायची नाही, फेकायची नाही, ‘ही घेऊ नका’ असे सांगायचेही नाही. त्याने त्याच दिवशी समन्वयकाला कळवायचे आणि समन्वयकाने परिचारिकेला पाठवायचे.

हीच गोष्ट पडण्याची. पासष्ट वर्षांवरील सुमारे एक तृतीयांश लोक वर्षातून एकदा तरी पडतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पडून होणाऱ्या मृत्यूंचे सर्वाधिक प्रमाण साठ वर्षांवरील लोकांत आहे. तरीही बहुतेकजण पडल्याचे कोणाला सांगत नाहीत, कारण सांगितले तर एकटे राहू देणार नाहीत ही भीती असते. हे कळण्याची वाट भेट देणाऱ्याच्या निरीक्षणातून जाते. दार उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला आहे का, चालताना हात भिंतीवरून सरकतो आहे का, न्हाणीघराच्या दाराशी ओले पायपुसणे गोळा होऊन पडले आहे का, रात्री उठल्यावर दिव्याचे बटण हाताशी येते का. त्यामुळे भेटीची नोंदवही छापाल तेव्हा ‘भेट समाधानकारक’ असा रकाना ठेवू नका. ‘मागच्या भेटीपेक्षा आज काय वेगळे दिसले?’ एवढाच प्रश्न ठेवा आणि खाली जागा मोकळी सोडा.

छळाचा विषय मसुद्यात आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. घरात राहणाऱ्या साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी साधारण सहातील एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या दुर्व्यवहाराला तोंड द्यावे लागते, असा याच संघटनेचा अंदाज आहे, आणि तो करणारा पुष्कळदा घरातलाच असतो. अशी शंका आली तर स्वयंसेवकाने घरच्यांना जाब विचारायचा नाही. तसे केल्यास पुढच्या वेळी दार उघडत नाही आणि ज्येष्ठ व्यक्ती आणखी एकटी पडते. कोणाला, किती तासांत आणि कोणत्या शब्दांत कळवायचे हे प्रशिक्षणातच ठरलेले असावे, कारण त्या क्षणी गोंधळलेला माणूस नियम शोधत बसत नाही.

प्रतिसाद ३ (स्वयंसेविका, वय सत्तरच्या पुढे)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी स्वतःच उत्तर आहे असे म्हटले तरी चालेल. ज्येष्ठांनी ज्येष्ठांकडे जाणे ही काही नवलाची कल्पना नाही. अमेरिकेत पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींना समवयस्कांची किंवा त्यांच्याहून वृद्ध माणसांची सोबत करण्यासाठी नेमणारा सरकारी कार्यक्रम अनेक दशकांपासून चालू आहे, आणि त्यातील कमी उत्पन्नाच्या स्वयंसेवकांना तासाप्रमाणे थोडे मानधनही मिळते. मानधनाचा मुद्दा ऐकून आपल्या समितीतील काहीजण नाक मुरडतील, तरीही तो लावून धरा. प्रवासाचा खर्चही खिशातून करावा लागला तर ही सेवा सुखवस्तू निवृत्तांपुरती उरते, आणि ज्याने स्वतः तुटपुंज्या उत्पन्नात म्हातारपण काढले आहे असा माणूस, ज्याच्याशी समोरचा मोकळेपणी बोलेल, तो बाहेर राहतो.

आमच्याकडे तरुण स्वयंसेवकही येतात आणि त्यांचा उपयोग निराळा आहे. मोबाइलवर आलेला संकेतांक (ओटीपी) कोणालाही सांगू नये, कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्यालाही नाही, हे तरुणांकडून शिकलेले लक्षात राहते. परंतु जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल, किंवा ऐकू कमी येऊ लागल्यावर चारचौघांत बसणे का नकोसे होते याबद्दल, माझ्यासारखीशी बोलणे ज्येष्ठांना सोपे जाते. मलाही यंत्र लावावे लागते हे त्यांना दिसतेच.

पैशाबद्दल मात्र नियम कडक ठेवा, वयाकडे पाहून सैल करू नका. बँकेचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, सही केलेला कोरा धनादेश आणि घराची किल्ली या चार गोष्टी स्वयंसेवकाच्या हातात कधीही जाता कामा नयेत. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणूनही राहू नये. जिव्हाळा वाढला की समोरची व्यक्ती प्रेमाने काही देऊ करते आणि नाही म्हटले की तिला लागते. अशा वेळी ‘आमच्या कार्यालयाचा नियम आहे’ असे म्हणता येणे हा फार मोठा आधार असतो. नियम प्रशासनाच्या नावाने लेखी असला की नकाराचा वाईटपणा आमच्याकडे येत नाही. ज्येष्ठांचे अर्ज भरताना आम्ही लिहून देतो, पण शेवटी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच सही घेतो. हेही नियमावलीत असू द्या.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. समन्वयकाच्या पदाचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत सर्वप्रथम मांडणार आहे आणि नोंदवहीतील तो प्रश्न जसाच्या तसा सुचवणार आहे. एक अडचण मात्र उरते. ज्यांना या योजनेची सर्वाधिक गरज आहे ते कार्यालयात अर्ज करायला येणारच नाहीत. अशा व्यक्तींची यादी कशी करावी, आणि ‘मला कोणाची गरज नाही’ असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले तर काय करावे?

प्रतिसाद १ (समाजकल्याण खात्यातून निवृत्त)

या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सने फार मोठी किंमत मोजून शोधले. २००३च्या ऑगस्टमधील उष्णतेच्या लाटेत तेथे सुमारे पंधरा हजार अधिक मृत्यू झाले आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. त्यानंतर २००४च्या कायद्याने प्रत्येक गावाच्या महापौरावर एकट्या व दुर्बल व्यक्तींची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकण्यात आली, जेणेकरून लाट आली की त्या क्रमाने दूरध्वनी करता यावेत आणि उत्तर मिळाले नाही तर माणूस पाठवता यावा. नोंद ऐच्छिक आहे आणि तिची मर्यादाही तीच आहे, कारण जो स्वतःहून नाव देतो तो मुळात तितकासा एकटा नसतो. यावरचा उपाय म्हणून नातेवाईक, शेजारी किंवा डॉक्टर यांनीही नाव सुचवण्याची सोय असते. त्या व्यक्तीची हरकत आली तर नाव काढले जाते.

आपल्याकडे यादी करताना ज्यांचा घरोघरी वावर आधीपासून आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. टपाल आणणारा, पाण्याचे मापक वाचणारा, कचरा गोळा करणारा आणि औषधाच्या दुकानातील माणूस यांना तुमच्या यादीतील निम्मी नावे आधीच ठाऊक असतात. त्यांना चौकशी करायला लावू नका, त्या व्यक्तीला विचारून तिचे नाव कळवण्यापुरता एक दूरध्वनी क्रमांक द्या. आणि ही यादी कोण पाहू शकतो, कोठे ठेवली जाते आणि कधी नष्ट होते हे लेखी ठरवल्याशिवाय एकही नाव लिहू नका, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे पत्ते एका कागदावर असणे ही चोराच्या दृष्टीने पर्वणी आहे.

प्रतिसाद २ (गृहभेटी करणारी परिचारिका)

नकाराबद्दल एवढेच सांगते की, ज्याची समज शाबूत आहे त्या माणसाला नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तो नोंदवहीत नाराजीचा सूर न लावता लिहावा. परंतु नकार कायमचा समजू नये. डेन्मार्कमध्ये ठरावीक वयापुढील नागरिकांना घरी येऊन भेटण्याची तयारी दाखवणे हे नगरपालिकांचे कायदेशीर कर्तव्य आहे. भेट घ्यायची की नाही हे नागरिक ठरवतो. आधी नाही म्हटलेला माणूस पुढे हो म्हणू शकतो, आणि माझ्या अनुभवात लोक हो म्हणतात ते प्रामुख्याने दोन प्रसंगांनंतर: रुग्णालयातून घरी परतल्यावर आणि घरातले जवळचे माणूस गेल्यावर. त्यामुळे रुग्णालयाच्या घरी सोडण्याच्या कक्षाशी समन्वयकाचा थेट संपर्क असावा आणि घरी परतल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतच पुन्हा विचारणा व्हावी. ‘तुम्हाला मदत हवी आहे का?’ असे विचारलेत तर पुन्हा नाहीच ऐकू येईल. ‘गुरुवारी तपासणीला जायचे आहे ना, बरोबर कोण येणार आहे?’ असे विचारा.