गुरुवारचं पाणी, 'स्वच्छ'चे पैसे, पीटी-३: पुण्यात नव्याने आलेल्याने हे स्वतःच शोधायचं का?

मुक्काम_बाणेर
बदली होऊन पुण्यात आलेल्या माणसाला एजंट भाडेकरार, पोलीस पडताळणी सगळं समजावतो. गुरुवारचं कुणी सांगत नाही. महापालिका जलकेंद्रांची आणि जलवाहिन्यांची मोठी कामं बहुधा गुरुवारी काढते. बातमीतली शेवटची ओळ ठरलेली: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. जुना पुणेकर बुधवारी रात्रीच पिंप भरतो. नवा माणूस शुक्रवारी अंगाला साबण लावून नळाकडे बघत बसतो. माझं मत: असल्या गोष्टींचं एक पान महापालिकेने छापून मिळकतकराच्या बिलासोबत द्यावं.

पेठेतला
भाडेकरूला मिळकतकराचं बिल येतं कुठे? शिवाय गुरुवार म्हणजे दर गुरुवार नव्हे, आणि प्रत्येक वेळी सगळं शहरही नव्हे. तुमचं छापील पान महिन्याभरात शिळं होईल. पेपर वाचा, वॉचमनशी बोला. घर बघताना मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून बघता, खालची टाकी किती लिटरची ते विचारता का?

वाकड_फाटा
गुरुवारचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी. आणि बाणेर सोडून वाकडला आलात की महापालिकाच बदलते, हेही लोकांना उशिरा कळतं. कॅम्पात घर घेतलंत तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. पत्त्यात मात्र सगळीकडे 'पुणे'.

हिशोबी
माझा मुद्दा वेगळा. मिळकतकरात सफाईपट्टी भरतो, तरी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दरमहा वेगळे पैसे कशाला? नव्या माणसाला ही वसुलीच वाटते, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही.

ओला_सुका
@हिशोबी, चूक आहे. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. ह्या ताई तिच्या सभासद, महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातल्या विकाऊ वस्तू, हीच त्यांची कमाई. ओलं-सुकं एकत्र करून पिशवीला गाठ मारलीत की त्यातला पुठ्ठा, कागद खरकट्यात भिजून कवडीमोल होतो, म्हणजे तुम्ही त्यांची अर्धी मजुरीच बुडवता. डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. बाईने ती पुडी हाताने उघडू नये म्हणून. एवढं जिन्यात लावायला महापालिकेचं पान कशाला हवं? सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहा.

हिशोबी
त्यांना पैसे मिळायलाच हवेत. ते महापालिकेने सफाईपट्टीतून द्यावेत, असं म्हणतोय मी. तुम्ही उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलंत.

ओला_सुका
ते भांडण महापालिकेशी करा, मीही येईन. पण त्याचा निकाल लागेपर्यंत दारातल्या बाईचे पैसे अडवू नका.

मुक्काम_बाणेर
@पेठेतला, पाणी-कचरा वॉचमन सांगेल. पीटी-३ चं काय? घरमालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. मध्यंतरी ती बंद पडली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा दिली. पण १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ अर्ज भरावा लागतो. नवी घरं घेणारे बहुतेक ह्याच गटातले. बिल्डर किल्ली देतो आणि मोकळा होतो. ह्यांना तर बिल येतं ना?

पेठेतला
पीटी-३ पुरतं मान्य. बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात छापा. पण गुरुवार छापू नका, नाहीतर ज्या गुरुवारी पाणी येईल त्या दिवशीही लोक तक्रार करतील.

वाकड_फाटा
बिलाची पाठ वाचतं कोण? लिफ्टमध्ये चिकटवा.