मदत हवी आहे: ठाण्याच्या उकाड्यात मसालेदार, उबदार वासाचं परफ्यूम कसं वापरू?

चरईकरीण

नमस्कार मंडळी,

मी चरईत राहते, ऑफिस महापे एमआयडीसीत. रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून कोपरखैरणेला उतरते. नुसतं 'चांगलं परफ्यूम सुचवा' म्हटलं की लोक लिंबाचे आणि समुद्राचे ताजे वास सुचवतात. मला ते नको आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जानेवारीत एका मॉलमध्ये काउंटरवरच्या मुलीने माझ्या मनगटावर एक फवारा मारला. दालचिनी, लवंग, खाली व्हॅनिला आणि त्याच्याही खाली राळेसारखं काहीतरी. घरी आले, कणीक मळली, भांडी घासली, तरी मनगट नाकाशी नेलं की वास होताच. रात्री झोपताना तर तो सगळ्यात सुंदर लागला. दुसऱ्या दिवशी जाऊन 100 मिलीची बाटली घेतली. माझ्या पगारात ती चैनच होती, पण इतकं मनापासून मी स्वतःसाठी फार कमी वेळा काही घेतलंय.

आता एप्रिलमधली गोष्ट. नेहमीसारखे मानेवर दोन, मनगटांवर दोन आणि ओढणीवर एक असे पाच फवारे मारून निघाले. लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दिघा गाव यायच्या आत शेजारच्या मावशींनी पदर नाकाला लावला. ऐरोली गेल्यावर त्या कशाबशा दारापाशी सरकल्या आणि कपाळ दाबून उभ्या राहिल्या. कोपरखैरणेला उतरताना मला म्हणाल्या, "बाळा, वास छान आहे गं, पण मला अर्धशिशी आहे. डोकं फुटायची वेळ आली." रागावल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. तेव्हापासून बाटली कपाटात आहे.

सगळीकडे हेच वाचते की ओरिएंटल परफ्यूम, म्हणजे असे मसाले, राळ, व्हॅनिलाचे उबदार वास, हिवाळ्यासाठी. ठाण्याचा हिवाळा मोजून तीन आठवडे. मग हे वास आम्ही वापरायचेच नाहीत का? वापरायचे तर किती, कुठे लावायचे? आणि याच घराण्यातलं, पण आपल्या हवेला सोसेल असं काही आहे का? पाच हजारांच्या आत असेल तर बरं. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

नौपाडेकर

ताई, परफ्यूममधलं मला फारसं कळत नाही, पण दाढीनंतरची ती पांढरी ओल्ड स्पाइसची बाटली मी चाळीस वर्षं वापरतोय. 1938 साली पुरुषांसाठी बाजारात आली ती. नीट वास घेऊन बघा, लवंग, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला, तुमचीच मंडळी आहेत. दोन थेंब तळव्यावर घेऊन गालाला लावायचं. मी ते लावून चाळीस मे महिने काढले, कोणी नाक दाबलं नाही. वासापेक्षा मात्रेचा प्रश्न असावा असं मला वाटतं.

पाचपाखाडी_77

एवढे पैसे कशाला? लवंगेचं आणि दालचिनीचं तेल मेडिकलमध्ये मिळतं, थेट मनगटावर लावा. दिवसभर वास राहतो.

रबाळे_लॅब

पाचपाखाडी, रागावू नका, पण कृपया हे कोणी करू नका. मी बरीच वर्षं सुगंधी द्रव्यांच्या लॅबमध्ये काम करतोय. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं आणि दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. दोन्ही कातडीला झोंबतात, आणि एकदा का शरीराने त्यांची अॅलर्जी धरली की ती सहसा जन्माची. परफ्यूममध्ये ही द्रव्यं किती घालायची यावर इफ्रा या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा आहे, ती उगीच नाही. लॅबमध्ये आम्ही हातमोजे घालतो.

आता चरईकरीण ताई, तुमचा प्रश्न.

पाच फवारे हे पहिलं कारण, नौपाडेकर बरोबर बोलले. पण पाच का झाले असतील, तेही सांगतो. जो वास आपल्या अंगावर सतत असतो तो आपलं नाक थोड्या वेळात मोजेनासं होतं. आपल्याला वाटतं उडाला, म्हणून आपण उद्या एक वाढवतो. शेजारच्याचं नाक मात्र ताजं असतं.

दुसरं कारण उष्णता. कातडी तापली की द्रव्यं भराभर उडतात. जानेवारीत जो वास चार तासांत पसरला असता, तो एप्रिलच्या गर्दीत अर्ध्या तासात एकदम बाहेर आला. त्यात मान म्हणजे बरोबर शेजारच्याच्या नाकाच्या उंचीची जागा.

परफ्यूम थरांनी उडतं. आधी संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) असे हलके वास जातात, मग मसाले आणि फुलं. शेवटी राळा, व्हॅनिला, लाकडं उरतात, कारण त्यांचे रेणू जड. तुम्हाला रात्री झोपताना जे आवडलं ते हे तळाचं. मावशींच्या डोक्यात गेला तो वरचा आणि मधला भाग. म्हणून घरातून निघायच्या तीस-चाळीस मिनिटं आधी, आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, एकच फवारा, तोही पोटावर कपड्याच्या आत. मनगटं एकमेकांवर घासू नका. धारदार भाग घरातच उडून जाईल. मात्र ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना कुठलाही वास त्रास देऊ शकतो, तिथे कुठलंच तंत्र शंभर टक्के चालत नाही. शेजारी कोणी अस्वस्थ दिसलं तर आपण सरकावं.

अजून एक काम करा, नवीन काही विकत घ्यायच्या आधी. मिसळणाचा डबा उघडा. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, दगडफूल, सगळं थोडं ठेचून वेगवेगळ्या वाट्यांत घ्या. देवघरातला ऊद पण घ्या. एकेकाचा वास घ्या आणि मधे स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेऊन नाक विसाव्याला आणा. दुकानातल्या कॉफीच्या बियांची काही गरज नाही. नेमकं काय आवडतं ते लिहून काढा. 'मसालेदार' हा फार मोठा शब्द आहे.

वाशीची_गंधवेडी

रबाळे दादांना अनुमोदन. मी या वासांची जुनी वेडी, म्हणून माझी आवडती सांगते.

या घराण्याची आई म्हणजे गेर्लां या फ्रेंच कंपनीचं शालिमार, 1925 चं. लाहोरच्या शालिमार बागेवरून नाव. वर बर्गमॉट, खाली व्हॅनिला आणि राळा, आणि त्यात थोडा धूर. महाग आहे, पण काउंटरवर जाऊन एकदा मनगटावर घ्याच, म्हणजे पुढचे सगळे वास कुठून आले ते कळेल. 1977 चं इव्ह सॅं लोरांचं ओपियम म्हणजे लवंग आणि कार्नेशनच्या फुलांची पेटी. केंझोचं जंगल एलेफंट (1996) हे वेलदोडा, जिरं, लवंग असं थेट आपल्या फोडणीजवळ जातं. मी ते फक्त लग्नाला लावते आणि अर्धाच फवारा. तरी बहीण हॉलच्या दारातून सांगते की मी आले.

आपल्या हवेला मला सगळ्यात सोसलं ते आंडी टाउअरचं ले'र द्यू देझेर मारोकॅं (म्हणजे मोरोक्कोच्या वाळवंटाची हवा), 2005 चं. धणे, जिरं, राळ, देवदारासारखं कोरडं लाकूड. गोडवा फार कमी. घामाच्या दिवसांत त्रास देतो तो गोडवा, मसाला नाही, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या बजेटबाहेर आहे, पण पाच मिलीचं डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत काढलेलं, घेता येईल. हल्ली मुली लताफाचं खमरा घेतात, दुबईकडचं, दालचिनी आणि खजूर. बजेटमध्ये बसेल आणि डिसेंबरच्या रात्री सुंदर लागतं, पण मे महिन्यात सकाळच्या लोकलला अजिबात नको.

आणि हो, शोधताना 'अंबर' या नावाने शोधा. वासांचं वर्गीकरण करणाऱ्या मायकल एडवर्ड्सनी 2021 मध्ये 'ओरिएंटल' हा शब्द काढून 'अंबर' केला. मला ते पटलं. पॅरिसमध्ये बसून आपल्या ऊद-मसाल्याला 'पूर्वेकडचं' म्हणायचं, आणि आपण पूर्वेत बसून तेच नाव वापरायचं, हे विचित्रच होतं.

चरईकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी वाट्या मांडून बसले. आई आधी म्हणाली हे काय आरंभलंस, आणि मग स्वतःच शेजारी बसली.

लवंग: डेंटिस्टची खुर्ची आठवली, नको. दालचिनी पहिली दोन मिनिटं फार छान, मग टोचायला लागली. वेलदोडा आणि जायफळ दोन्ही आवडले, पण खावेसे वाटले, अंगाला लावावेसे नाही. दगडफुलाला आधी काहीच वास नाही असं वाटलं. आई म्हणाली, "थांब, ते असं नाही बोलत." तव्यावर थेंबभर तेल टाकून तिने ते परतलं, गोड्या मसाल्याला परततात तसं. काळपट, कागदासारखे ते तुकडे कडेने वळले आणि एकदम वास सुटला. ओली माती, जुनं लाकूड, किंचित धूर. मग तिने शेगडीत कोळसा फुलवून त्यावर ऊद टाकला आणि मी तिथेच थांबले. त्या रात्री मनगटावर मला हेच आवडलं होतं! मसाला नव्हताच तो. खालची राळ होती.

मग आता काय घ्यावं?

खारेगावचा_काका

पोरी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तिने अर्धं काम केलंय.

तुला शमामा हवाय. कनौजचं जुनं अत्तर. अल्कोहोल नाही, फवारा नाही. तांब्याच्या डेगेत वनस्पती आणि पाणी उकळून वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, उतरवतात, भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. कनौजच्या अत्तरांना 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. शमाम्यात लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, जटामांसी असं बरंच काही पडतं, प्रत्येक घराण्याची यादी वेगळी. आणि त्यात 'छडीला' असतो. छडीला म्हणजे कोण? तुझं दगडफूल. तव्यावर वळलेलं तेच.

नागरमोथाही तुला ओळखीचा असेल, दिवाळीच्या उटण्यात असतो.

एक घोळ आधीच सोडवतो. दुकानात 'ऊद' मागितलास तर ते तुला अगरूच्या लाकडाचं अत्तर देतील. अरबी ऊद तो. आपण बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतो तो ऊद म्हणजे लोबानाची राळ. नाव एक, झाडं वेगळी. तुला राळ हवी असेल तर 'लोबान' किंवा 'अंबर' म्हण. अंबर म्हटल्यावर व्हेल माशाचं काही देऊ लागले तर घेऊ नकोस, आपल्याकडे त्याचा व्यापार बेकायदा आहे. साधं अंबर म्हणजे राळा आणि व्हॅनिलाचं मिश्रण.

मोहम्मद अली रोडला जा, मुंब्र्यातही अत्तरवाले आहेत. तीन मिलीच्या वर घ्यायचं नाही. हातावर लावून घे, बाहेर ये, चहा पी, तासाभराने वास घे आणि मगच पैसे दे. स्वस्तातल्या अत्तरात चंदनाऐवजी दुसरंच तेल असतं. ते तासाभरात सपाट पडतं, तेव्हा हे थांबणं हीच परीक्षा.

चरईकरीण

काका, तीन आठवड्यांनी लिहितेय, म्हणजे वापरून लिहितेय.

शनिवारी आईला घेऊन मोहम्मद अली रोडला गेले. पहिल्या दुकानातला शमामा तुम्ही म्हणालात तसाच तासाभरात सपाट पडला. दुसऱ्या दुकानातल्या आजोबांनी काचेच्या काडीने मनगटाच्या आत एक बारीक रेघ ओढली. सुरुवातीला औषधासारखा कडू लागला, मी जवळजवळ नको म्हणणार होते. चहा पिऊन आलो. आईने माझा हात नाकाशी नेला आणि नुसती मान डोलावली. तीन मिली घेतलं, बजेटच्या बऱ्याच आत.

आता सकाळी काडीचं एक टोक, पोटावर. डब्यात अगदी खेटून उभी असलेली मैत्रीणही म्हणते की तिला काही जाणवत नाही. ऑफिसच्या एसीत बसल्यावर अकराच्या सुमारास तो हळूच वर येतो, फक्त माझ्यापुरता. घरी आल्यावर कुर्ता काढताना पुन्हा येतो.

कपाटातली बाटली टाकली नाही. रविवारी संध्याकाळी गडकरी रंगायतनला नाटकाला गेले तेव्हा तासभर आधी एकच फवारा मारला. छान लागली.

एक सावधगिरी, ज्यांना अत्तर घ्यायचंय त्यांच्यासाठी: पांढऱ्या सुती रुमालावर लावून पाहिलं तर तपकिरी डाग पडला, दोन धुण्यांनंतरही आहे. साडीला, विशेषतः रेशमी, अजिबात लावू नका, कातडीलाच लावा. आणि आधी एक दिवस कोपराच्या आत थेंब लावून पुरळ येत नाही ना ते बघा.

गंधवेडी ताई, तुमच्याकडच्या त्या कोरड्या वाळवंटी परफ्यूमचं पाच मिली डिकँट मिळेल का? बदल्यात माझ्या बाटलीतलं वीस मिली देते, मला एवढं दहा वर्षांतही संपणार नाही.

वाशीची_गंधवेडी

नक्की देते. शनिवारी पाच वाजता वाशी स्टेशनला, तिकीट खिडकीपाशी. काचेची छोटी फवाऱ्याची बाटली आणा, प्लास्टिकची नको. आणि दोघींनीही त्या दिवशी काही लावून यायचं नाही, म्हणजे नाक मोकळं राहील.