मदत हवी आहे: न्या. तेलंगांची सुरुवातीची निकालपत्रं

नमस्कार मंडळी. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले नि १८९३ मध्ये, जेमतेम ४३ वर्षांचे असताना, गेलेसुद्धा. मला त्यांची पहिल्या दीडेक वर्षातली निकालपत्रं वाचायची आहेत. ‘आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी’ मिळालं. बाप आपल्या भावांबरोबर एकत्र कुटुंबात असताना त्याच्या संमतीविना मुलाला वाटणी मागता येते का, हा वाद. बहुमत ‘नाही’ म्हणालं, तेलंगांनी वेगळं मत लिहिलं. काय लिहिलंय! पण ते इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या (कोर्टाचे निकाल छापणारी ग्रंथमाला) मुंबई मालिकेत, १६व्या खंडात. मला त्याआधीचे १४ आणि १५ हवेत. माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं बाइंडिंगने गिळलीयत. कुणाकडे स्वच्छ स्कॅन आहे का? आणि न्यायमूर्तींच्या नावावरून निकाल शोधायचे तर कसे?